बडेबाबूंची उर्दू वही

आता त्या विषयाला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात आणि तो शिकायला मुलं टाय लावून जातात. आमच्या वेळी त्याचं नाव कर्मचारी व्यवस्थापन होतं, आणि परभणीत ते कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा. "माणसं सांभाळायची कशी ते शिकायलास? मग लगीन कर की," असं माझ्या खाणावळीच्या मालकानं मला तोंडावर सांगितलं होतं. विद्यापीठाची एक वर्षाची पदविका होती ती. एका कॉलेजच्या मागच्या खोलीत संध्याकाळी साडेसहाला वर्ग भरायचा. आम्ही अकरा जण होतो आणि सगळे नोकरीतले. दोघं बँकेतले, एक एसटीतला, बाकीचे माझ्यासारखे कार्यालयांतले कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या फायली उपसून संध्याकाळी आम्ही 'कामगारांचे मनोधैर्य' शिकायचो आणि जांभया द्यायचो.

पहिल्या आठवड्यात मी खूश होतो. आमच्या कार्यालयातून एकटाच मी तिथे जात होतो. तिथलं कुणी मला ओळखत नव्हतं, आणि ते दोन तास मला कुणाचं भय नव्हतं. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी सर फळ्यावर लिहीत असताना दारात आमचे बडेबाबू उभे राहिले.

बडेबाबू म्हणजे आमच्या कार्यालयातल्या आस्थापना शाखेचे हेडक्लार्क. वय सत्तावन्न, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या खिशात दोन पेनं. निजामाच्या राज्यात नोकरीला लागलेला माणूस. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे फाइलला मिसल म्हणायचे आणि अर्जाला दरख्वास्त. रिटायर व्हायला वर्ष उरलं नव्हतं. अशा माणसाला पदविका कशाला पाहिजे, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला तर पडलाच. त्यात त्यांनी सगळा वर्ग डोळ्यांखालून घातला आणि नेमके माझ्याच बाकावर येऊन बसले.

"सरका जरा," ते म्हणाले. "तुमी हितं शिकायलात हे सांगितलं न्हाई कधी."

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

आता माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे मी इतका का बिथरलो ते कळेल. मी तात्पुरता कारकून होतो. मार्चअखेर मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं, आणि ते ठरणार होतं गोपनीय अहवालावर. अहवालावर सही साहेबांची असे, पण मसुदा बडेबाबू लिहीत. साहेब मान वर न करता सही करत. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन पेनांपैकी एका पेनात होतं. पालमजवळच्या आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला मी दुसरा. पहिला माझा चुलतभाऊ. त्याला तीन वर्षांनी घरी पाठवलं होतं, एका शेऱ्यावरून. तो शेरा काय होता हे त्याला कधी कुणी दाखवलं नाही. आमची छप्पन सालची दीक्षा, माझे वडील बाबासाहेबांच्या फोटोला रोज हात जोडून कामाला जाणारे. मी नोकरीला निघालो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: "तोंडावर गोड बोलणाऱ्याचं भेव न्हाई. पर तुज्या पाठीमागं कागुद कोण लिव्हतंय, त्याच्यावर नदर ठिव."

मी नजर ठेवली. डोळ्यांत तेल घालून ठेवली.

वर्गात बडेबाबूंच्या हातात एक जाड वही असायची, पुठ्ठ्याला निळं कापड लावलेली. सर बोलायला लागले की ते तीत उजवीकडून डावीकडे झरझर लिहायचे. उर्दू. मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. लिहिता लिहिता ते मधेच थांबायचे, मान किंचित वळवून माझ्याकडे बघायचे, आणि बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक काहीतरी टिपायचे. सर 'भरतीच्या पद्धती' सांगतायत आणि हे माझ्याकडे बघून लिहितायत. एका संध्याकाळी असं चार वेळा झालं. मी मोजलं.

"काय लिव्हायलात बडेबाबू?" मी एकदा हसत हसत विचारलं.

त्यांनी वही मिटली. "काई न्हाई. आपलं हे," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

वही मिटणारा माणूस काहीतरी लपवतो, एवढं कळायला पदविकेची गरज नव्हती.

वर्गात ते मला प्रश्नही फार विचारायचे. सर गेल्यावर बाहेर सायकलींपाशी गाठायचे. "ते मघाचं, कामाचं मूल्यमापन आन् माणसाचं मूल्यमापन, ह्यात फरक काय म्हणले ते?" मी सांगायचो, पण तोलूनमापून. हा माणूस तीस-पस्तीस वर्षं माणसांचं मूल्यमापन करतोय आणि मला विचारतोय? मला वाटायचं, ही परीक्षा आहे. मी काय बोलतो, कुणाबद्दल बोलतो, कार्यालयाबद्दल काही बरंवाईट बोलतो का, हे जोखायला हा आलाय. मग मी उत्तर देऊन झालं की लगेच सायकलवर टांग मारायचो. ते तिथेच उभे राहायचे. एकदोनदा "चला, चहा घेऊ" म्हणाले. मी काम असल्याचं सांगितलं.

या आगीत तेल ओतायला आमचा टायपिस्ट होता. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. कार्यालयातली प्रत्येक गोष्ट त्याला आधी कळायची आणि थोडी वाढवून तो ती पुढे द्यायचा. डिसेंबरात एक दिवस त्यानं यंत्रावरून बोटं न काढता मला सांगितलं, "तुला म्हाईत हाय का, बडेबाबू दर रविवारी सेलूला चाललेत. भाच्याला चिकटवायचा बेत हाय म्हणे. जागा कोणती मोकळी व्हायलीय मार्चात, तूच इचार कर." आणि खटखट टाइप करत राहिला.

मी विचार केला. विचार म्हणजे काय, चार रात्री झोप उडाली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम स्टेशनवर गेलो आणि पुस्तकांच्या गाड्याआड उभा राहिलो. बडेबाबू खरंच आले. कोट इस्त्रीचा, हातात कागदांची पिशवी. त्यांनी सेलूचं तिकीट काढलं. एवढं मला पुरे होतं.

त्याच सुमाराला सरांनी गोपनीय अहवालाचा धडा घेतला. सर तरुण होते, औरंगाबादहून आठवड्यातून तीन दिवस यायचे, आणि त्यांना शिस्तीचं वेड होतं. कोणतंही उत्तर असो, आधी प्रस्तावना, मग निरीक्षणे, मग निष्कर्ष, आणि शेवटी शिफारशी. शिफारशी नसल्या तर दोन गुण कापायचे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की अहवाल लिहिणारा एक चूक हमखास करतो: माणसाची एक गोष्ट त्याच्या मनात बसते आणि मग बाकीच्या सगळ्या गोष्टी तो त्या एकाच रंगात बघतो. सहामाही परीक्षेत यावर प्रश्न आला. मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. सरांनी माझं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा बडेबाबू माझ्याकडे बघून मान डोलवत होते, आणि त्या मान डोलवण्यातही मला कुत्सितपणा दिसला.

जानेवारीत मी निनावी अर्ज लिहिला.

आपल्याकडे कार्यालयात निनावी अर्ज ही काही नवलाची गोष्ट नाही. ज्याला समोर बोलता येत नाही तो लिहितो, आणि त्यावर 'एक हितचिंतक' अशी सही करतो. पण मी सामान्य हितचिंतक नव्हतो. मी शिकत होतो. डाव्या हातानं लिहिला. कागद बाजारातून वेगळा आणला. शनिवारी एसटीनं गावी गेलो आणि पालमच्या स्टँडसमोरच्या पेटीत पाकीट टाकलं, म्हणजे शिक्का परभणीचा लागू नये. तीन आरोप केले. एक, बडेबाबू कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवून उर्दूत गुप्त वही लिहितात. दोन, मुख्यालय सोडण्याची परवानगी न घेता, कुणाला न सांगता दर आठवड्याला सेलूला जाऊन कुणाशी तरी संधान बांधतात. तीन, तात्पुरत्या कारकुनाला काढून त्या जागी भाच्याला लावण्याचा त्यांचा डाव आहे. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी स्टँडवर दोन भजी जास्त खाल्ली.

बुधवारी साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. साहेब तापट होते आणि त्यांना निनावी अर्जाची चीड होती. "ऐका जरा काय लिहिलंय आपल्यातल्या एका शूरानं," म्हणत त्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. पहिला शब्द होता 'प्रस्तावना'.

प्रस्तावना, मग निरीक्षणे, अ, ब, क. मग निष्कर्ष. मग, देवा, शिफारशी: 'सदर कर्मचाऱ्याची अन्यत्र बदली करणे इष्ट राहील.' अक्षर बदललं, कागद बदलला, गाव बदललं, पण सहा महिने अंगात मुरलेली पद्धत मी बदलली नव्हती. ती माझ्या लक्षातच आली नव्हती. आणि ती निळी वही बडेबाबू कार्यालयात कधी आणत नव्हते. ती फक्त वर्गात उघडायची, आणि तिच्या शेजारी एकच माणूस बसायचा.

मी बडेबाबूंकडे बघितलं नाही. बघायची छाती नव्हती. टायपिस्ट हसू दाबत होता. बाकी कुणाला काही कळलं नसावं. "फालतू आहे, पण वर प्रत गेलीय, चौकशी लावावी लागेल," साहेब म्हणाले. प्रत मीच पाठवली होती.

चौकशी दुसऱ्या खात्याच्या एका अधिकाऱ्यांकडे गेली. ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात आले. त्यांना जबाब लिहून घ्यायला माणूस पाहिजे होता. आस्थापना शाखेचा चालणार नव्हता, टायपिस्ट रजेवर होता. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही ते माणसांचं शास्त्र शिकताय ना? बसा. अनुभव मिळेल."

मी बसलो. समोर चौकशी अधिकारी, उजव्या हाताला बडेबाबू. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. तेवढ्या वर्षांत मी त्यांना उघड्या डोक्यानं पहिल्यांदा पाहिलं. केस जवळजवळ गेले होते.

"वही आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बडेबाबूंनी पिशवीतून निळी वही काढून टेबलावर ठेवली. अधिकारीही जुन्या राज्यात शिकलेले. त्यांनी ती उघडली आणि वाचता वाचता मराठीत सांगायला लागले, मी लिहून घ्यायला लागलो. "भरतीच्या पद्धती. अंतर्गत, बाह्य. प्रशिक्षणाचे प्रकार. हे तर वर्गातलं टिपण आहे." त्यांनी पानं उलटली. "आणि हे बाजूला बारीक काय आहे?" त्यांनी चष्मा वर केला. "'हे समजलं नाही. शेजारच्याला विचारणे.'" पुढचं पान. "'मराठी शब्द लिहून घेता आला नाही. शेजारच्याला विचारणे.'" आणखी एक पान. "'शेजाऱ्याची समज चांगली आहे. विचारलेलं त्याला आवडत नाही बहुतेक. तरी विचारणे.'"

अधिकारी हसले. "शेजारी कोण बसतं?"

"असतो एक जण," बडेबाबू म्हणाले. "हुशार हाय."

मी लिहिलं. हात थांबवता येत नव्हता, कारण थांबला असता तर दिसला असता.

मग सेलू. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मालकाला रिटायर झालेला, कायदा आणि कागद समजणारा माणूस हवा होता. दोनशे कामगार, भरती, हजेरी, तंटे. पदविका पाहिजे, आणि आधीच्या कार्यालयाचं 'कोणतीही चौकशी चालू नाही' असं पत्र पाहिजे. "येत्या जूनपास्नं कामावर बोलावलं होतं," बडेबाबूंनी सांगितलं. "घरी बसून ऱ्हायचं म्हणलं तर मला जमणार न्हाई. मंडळी गेल्यापास्नं घर खायला उठतं. म्हणून म्हणलं, शिकावं. लोक हासतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाई." भाचा होता. हैदराबादला रेल्वेत, तीन लेकरांचा बाप.

शेवटी तात्पुरत्या कारकुनाची मिसल. अधिकाऱ्यांनी ती माझ्यासमोरच उघडली. मला कायम करावं असा प्रस्ताव डिसेंबरातच साहेबांच्या सहीनं वर गेला होता. मसुदा बडेबाबूंच्या हातचा, उभ्या रेघेसारख्या त्या अक्षरातला. स्टेशनवर मी गाड्याआड लपलो होतो त्याच्याही आधीची तारीख.

"तुमचा कुणावर संशय आहे का?" अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला.

माझी नजर कागदावर होती, पेनाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला होता.

"न्हाई," ते म्हणाले. "लिहा. कुणावरही संशय न्हाई."

मी ते लिहिलं. त्यांनी जबाब ओळ न ओळ वाचला, जसा ते कोणताही मसुदा वाचत, आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर्गात आले आणि आपल्याच जागी, माझ्या शेजारी, येऊन बसले. वही उघडली. लिहिलं. मधेमधे थांबलेही. पण परीक्षेपर्यंत त्यांनी मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मी दोनदा आपण होऊन सांगायला गेलो, तर "समजलं, समजलं" म्हणाले. त्यांना समजलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

मार्चअखेर मी कायम झालो. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. चौकशीचा अहवाल 'तथ्य नाही' म्हणून आला, पण तो मेच्या मध्याला आला. गिरणीच्या मालकानं एप्रिलातच नांदेडचा दुसरा माणूस घेतला होता. त्याला थांबायला वेळ नव्हता आणि चौकशीतला माणूस नको होता. हे मला टायपिस्टनं सांगितलं, यंत्रावरून बोटं न काढता.

या टायपिस्टबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्यानंतर माठातलं पाणी पिताना पेला तीनदा विसळणारा माणूस तो होता. बडेबाबू नव्हेत. कार्यालयात माझ्याशी खरंच कुणी वाकडं वागलं असेल तर तो वागला, रोज, माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्याविरुद्ध मी कधी एक ओळ लिहिली नाही. त्याला मी घाबरायचो. बडेबाबूंच्या पेनाला मी घाबरायचो, माणसाला नाही, म्हणून तर लिहू शकलो. हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळल्यावर बरं वाटलं नाही.

मेच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. हार, नारळ, शाल. साहेब चांगलं बोलले. टायपिस्टनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. लोक पांगले तसं बडेबाबूंनी मला शाखेत बोलावलं. नवीन हेडक्लार्क आठवड्यानं यायचे होते, तोवर चार्ज साहेबांनी माझ्याकडे द्यायला सांगितला होता. त्यांनी यादी काढली, एकेक वस्तू दाखवली. रबरी शिक्के चार. पंचिंग मशीन एक. गोपनीय कपाटाच्या किल्ल्या दोन. उन्हानं खोली तापली होती आणि त्यांच्या गळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या यादीवर पडत होत्या.

मी ठरवून आलो होतो, आज सांगायचंच. सगळं सांगायचं, चुलतभावापासून.

"बडेबाबू, मला तुमाला—"

"म्हाईत हाय," ते म्हणाले. रागानं नाही, पण मायेनंही नाही. "पयल्याच ओळीला कळलं. ते ऱ्हाऊ द्या. फकस्त एक सांगा मला. चार महिने रोज इचार करायलोय, पर काई सापडंना." त्यांनी चष्मा काढला. "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मी शोधलं. तिथं उभ्या उभ्या मी वर्षभराचा प्रत्येक दिवस उलथापालथा केला. एक तरी गोष्ट सापडावी म्हणून, एखादा शब्द, एखादी नजर. माझ्यासाठी नव्हे; त्यांच्यासाठी सापडावी असं वाटत होतं, म्हणजे त्यांना काहीतरी कारण घेऊन घरी जाता आलं असतं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली आणि कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं.